दाइजोबु म्हणजे हो की नाही?

टोक्योत उतरल्यावर तिसऱ्या संध्याकाळी मी दूध, केळी, पाव, दह्याचे चार कप आणि दोन लिटर पाण्याची बाटली एवढा सगळा संसार दोन्ही हातांत आणि हनुवटीखाली धरून घरी आले. पंधरा मिनिटांची वाट. केळी दोनदा पडली.

दुकानातल्या मुलीने विचारलं होतं, ‘फुकुरो वा दाइजोबु देस का?’ फुकुरो म्हणजे पिशवी, दाइजोबु म्हणजे ठीक आहे. पिशवी ठीक आहे का? मी म्हटलं, ‘हाय, दाइजोबु देस.’ ठीक आहे, दे की! तिने हसून मान लववली आणि पिशवी दिलीच नाही. जुलै २०२० पासून जपानमध्ये प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात, त्यामुळे गल्ल्यावर हा प्रश्न येतोच. त्याचा खरा अर्थ ‘पिशवी नसली तर चालेल ना?’ असा. मी ऐटीत ‘चालेल’ म्हणून मोकळी झाले होते. पुन्हा रांगेत उभं राहून पिशवी मागायचा धीर झाला नाही. खांद्याला लटकवलेल्या पर्समध्ये जपानी भाषेच्या एन-थ्री परीक्षेचं प्रमाणपत्र होतं. घरमालकाला दाखवायला आणलं होतं.

रात्री दही खाताना एकदम लक्षात आलं. हे तर आपलं ‘असू दे’! ‘चहा टाकू का?’, ‘असू दे.’ म्हणजे नको. ‘ही छत्री परत नेऊ का?’, ‘असू दे.’ म्हणजे ठेव, हवी आहे. कोणतं ‘असू दे’ कधी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि कधी चुकलंही नव्हतं. पण मी दाइजोबु शिकले ते ‘ओके’ म्हणून, इंग्रजी पुस्तकातून. पुण्यातल्या वर्गात सगळे मराठी, शिकवणाऱ्या बाईही मराठी आणि मधे ती इंग्रजी बसलेली. पुढच्या तीन वर्षांत मी जपानी नव्याने शिकले, ती मुख्यतः या मधल्या इंग्रजीला उठवून लावूनच.

खरं तर तिला पहिल्याच महिन्यात उठवता आलं असतं. आई तेव्हा मटार सोलत होती आणि मी शेजारी बसून हिरागाना घोकत होते. ४६ अक्षरं: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आई तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झालेली. ती म्हणाली, ‘अगं, ही आपलीच मुळाक्षरं की. मधली मधली गाळलीयेत फक्त.’ मी म्हटलं, आई, ती जपानी आहेत. ती म्हणाली, ‘असतील. पण क-च-त-न-प-म-य-र-व म्हणून बघ.’ मी ‘हं’ म्हटलं आणि पुढे घोकत बसले. आईचं बरोबर होतं, हे कळायला मला एका स्मशानात जावं लागलं. ते पुढे येईलच.

पुण्यात जपानी शिकणं हे काही धाडस नाही. आमच्या सोसायटीतच तिघी शिकत होत्या. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. तिथल्या तळ्याकाठी बसून मी कान्जी, म्हणजे चिनीवरून आलेली चित्राक्षरं, पाठ केल्या. रोजच्या वापरातल्या म्हणून जपान सरकारने ठरवलेल्या २,१३६, त्यातल्या सहाएकशे माझ्या वाट्याच्या. कान्जी जड गेल्या नाहीत. जड गेलं ते क्रियापदाचं ‘ते’ रूप. ताबेते मिरु म्हणजे ‘ट्राय’. शिते ओकु म्हणजे ‘आधीपासून करणे’. ताबेते शिमाउ म्हणजे ‘पूर्णपणे करणे’. तीन नियम, तीन तक्ते, दीड तासाचा वर्ग. मी तिन्ही पाठ केले आणि परीक्षेत त्यातले दोन चुकवले.

आता मिरु म्हणजे बघणे आणि ओकु म्हणजे ठेवणे. ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघ. शिते ओकु म्हणजे करून ठेव. ताबेते शिमाउ म्हणजे खाऊन टाक. संपला धडा. जन्मल्यापासून जे बोलत आले, त्यासाठी मी तक्ते केले होते. त्यातही शिमाउ तर भलतंच आहे. ते नुसतं ‘टाकणे’ नाही. वासुरेते शिमात्ता म्हणजे विसरले खरं, पण त्यात एक हळहळ आहे, आपल्या हातून नको ते झाल्याची. मराठीत तिथे क्रियापद बदलतं. काम ‘करून टाकलं’ आणि नसतं काहीतरी ‘करून बसले’. जपानी एकाच शिमाउवर ‘टाकणं’ आणि ‘बसणं’ दोन्ही भागवते. हे मला टोक्योच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या सुचलं आणि त्या आनंदात माझं स्टेशन मी चुकवून बसले.

ते स्टेशन निशिकासाई. एदोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीय कुटुंबं इतकी आहेत की लिफ्टमध्ये तेलुगू, खाली तमिळ आणि वाण्याकडे हिंदी ऐकू येते. २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. जपानीचा शब्द न उच्चारता इथे सुखाने राहता येतं. म्हणून मी मुद्दाम मोठ्या सोसायट्या सोडून मागच्या गल्लीतल्या जुन्या दुमजली घरात वरची खोली घेतली.

ऑफिस ओतेमाचीला, काम भाषांतराचं. एकीकडे जपानी ग्राहक, दुसरीकडे पुण्यातली टीम, मधे मी. पहिल्याच मोठ्या बैठकीत पुण्याचा प्रस्ताव मांडला. समोरचे साहेब प्रत्येक वाक्याला ‘हाय, हाय’ म्हणत होते आणि शेवटी म्हणाले, ‘केन्तो शिमास.’ शब्दकोशात केन्तो म्हणजे विचारपूर्वक तपासणे. मी पुण्याला आनंदाने कळवलं की प्रत्येक मुद्द्याला होकार मिळाला आहे आणि प्रस्ताव तपासायला घेतला आहे. पुण्याने तीन आठवडे वाट पाहिली. मग मी धीर करून विचारलं, तेव्हा ते मान तिरकी करून दात-ओठांतून हवा आत ओढत म्हणाले, ‘सोरे वा चोत्तो…’ आणि गप्प झाले. शेजारच्या सहकाऱ्याने नंतर चहाच्या मशीनपाशी गाठून हळूच सांगितलं की नकार तर तीन आठवड्यांपूर्वीच दिला होता.

तो ‘हाय’ म्हणजे ‘हो’ नव्हताच. आपण फोनवर ‘हं… हं… बरं…’ करतो तो हुंकार होता. चोत्तो म्हणजे थोडंसं, असं पुस्तकात होतं. पण चोत्तो म्हणजे आपलं ‘जरा’. ‘जरा थांब’ मधलंही आणि ‘उद्या जरा…’ म्हणून वाक्य अधांतरी सोडतो ना, तेही. पुढचं ‘अडचण आहे’ ऐकणाऱ्याने स्वतःच भरून घ्यायचं. आणि केन्तो शिमास म्हणजे ‘बघू’. लहानपणी सायकल मागितल्यावर बाबा ‘बघू’ म्हणायचे, तेव्हा मी काय समजायचं ते समजले होते. मग पुण्याला ती ई-मेल मी कशी लिहून बसले?

खालच्या मजल्यावर एक बाई एकट्या राहायच्या. पहिल्या दिवशी कचरा कोणत्या वारी कोणता टाकायचा ते त्यांनी समजावून सांगितलं. मी त्यांना आदराने ओबासान म्हणायला गेले आणि तोंडातून ओबाआसान बाहेर पडलं. ओबासान म्हणजे काकू किंवा मावशी, ओबाआसान म्हणजे आजी. मराठी माणसाला ऱ्हस्व-दीर्घ हे शुद्धलेखनाच्या वहीत चुकवायची गोष्ट वाटते. ‘पाणी’ची दुसरी वेलांटी पहिली काढली म्हणून पाण्याचं काय बिघडतं? इथे बिघडतं. बिरु म्हणजे इमारत, बीरु म्हणजे बिअर. युकि म्हणजे बर्फ, यूकि म्हणजे धैर्य. त्या बाई बासष्ट वर्षांच्या होत्या. चेहऱ्यावरची रेघ न हलवता त्यांनी मला आपलं आडनाव सांगितलं. मी दुसऱ्या दिवसापासून आडनावापुढे सान लावून बोलू लागले. दादरच्या लोकलमध्ये पस्तिशीच्या बाईला कुणी आजी म्हटलं असतं तर प्रकरण आडनावावर थांबलं नसतं.

दिवाळीला चिवडा केला. स्टीलच्या डब्यात भरून खाली नेला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, ‘त्सुमारानाइ मोनो देस गा…’ शब्दशः, ‘ही एक टाकाऊ वस्तू आहे, पण…’ वर्गात हे शिकताना आम्ही खूप हसलो होतो. भेट देताना असं कोण म्हणतं? आपण म्हणतो. ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणत पैठणीसुद्धा देतो.

त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाल्या, ‘सुमिमासेन.’ मला वाटलं, माझंच काही चुकलं. सुमिमासेन म्हणजे ‘सॉरी’, हे पक्कं डोक्यात बसलेलं. वेटरला हाक मारतानाही सुमिमासेन, गर्दीतून वाट काढतानाही तेच आणि आता भेट घेताना तेच? या शब्दाच्या मुळाशी सुमु आहे, म्हणजे संपणे, मिटणे. सुमिमासेन म्हणजे मिटत नाही, म्हणजे ‘फिटत नाही’. तुम्ही माझ्यासाठी केलंत, ते माझ्याच्याने फिटायचं नाही. मराठीत उपकार फिटत नाहीत, पांग फिटत नाहीत, ते हेच. आपण ते वाक्य लग्नाकार्यात एखाद्या वेळी म्हणतो. हे लोक दिवसातून चाळीस वेळा म्हणतात, त्यामुळे त्याची धार गेली आहे एवढंच.

चार दिवसांनी डबा परत आला. आत सहा संत्री. जपानात भेटीला परतभेट द्यायची पद्धत आहे. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडेही शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. त्यानंतर तो डबा अडीच वर्षं जिन्यावरून वर-खाली करत राहिला. कधी शिरा, कधी उकडलेली रताळी, कधी थालीपीठ. एकदा त्यांनी भेंडी पाठवली, नुसती वाफवून, तिच्या तारा सुटलेल्या. ‘नेबानेबा!’ त्या कौतुकाने म्हणाल्या. नेबानेबा म्हणजे तोच बुळबुळीत चिकटपणा. भेंडीचा हा गुण घालवण्यासाठी आईने जन्मभर आमसुलं खर्ची घातली आणि इथे तो गुण म्हणून वाखाणतात!

हे जोडशब्द म्हणजे जपानीचं खरं वैभव आहे आणि वर्गात त्यांना परिशिष्टात टाकलेलं असतं. त्यांची गरज किती, ते मला जूनच्या पावसाळ्यात कळलं. पोट दुखायला लागलं म्हणून जवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, कसं दुखतंय? मी म्हटलं, खूप. ते म्हणाले, हो, पण कसं? शिकुशिकु की किरिकिरि? मी गप्प. त्यांनी एका चौकशीपत्रकाकडे बोट दाखवलं. तिथे दुखण्याचे दहा-बारा आवाज आणि प्रत्येकासमोर चौकोन. मी नुसता अंदाजाने एका चौकोनावर टिंब दिलं, औषध घेऊन आले आणि घरी शेजारीणबाईंना धरून बसवलं.

त्यांनी सगळं अभिनय करून दाखवलं आणि मी एकेका अभिनयासमोर मराठी लिहीत गेले. झुकिझुकि म्हणजे ठसठस. हिरिहिरि म्हणजे चुरचुर. गानगान म्हणजे डोक्यात घण. किरिकिरि म्हणजे कळ येणं. मुकामुका म्हणजे मळमळ. डोळ्यांपुढे गुरुगुरु फिरतं म्हणजे गरगरतं. शिकुशिकु म्हणजे हळू, सतत दुखत राहणं. आणि मुसमुसून रडणंही शिकुशिकुच. इंग्रजीत यातल्या काहींना एक-एक वाक्य लागलं असतं. माझी यादी बहुतेक शब्दाला शब्द अशी झाली. पुढे खाण्याच्या पदार्थांकडे वळलो. साकुसाकु म्हणजे खुसखुशीत, पारिपारि म्हणजे कुरकुरीत, फुवाफुवा म्हणजे लुसलुशीत. मग त्यांनी एक गंमत सांगितली. किराकिरा म्हणजे चांदण्यांचं लुकलुकणं. त्याच शब्दातला क जड करून गिरागिरा केलं की तेच डोळ्यांत खुपणारं ऊन होतं. गोटी घरंगळते ती कोरोकोरो, धोंडा गडगडतो तो गोरोगोरो. मी म्हटलं, आमच्याकडे मूल कुरकुरतं आणि कुत्रा गुरगुरतो. त्या इतक्या हसल्या की चहा सांडला.

मराठीने प्रत्येक वेळी हात दिला असं मात्र नाही. ऑफिसात घसा बसला म्हणून मी आत्सुइ मिझु मागितलं, गरम पाणी. मुलगी गोंधळली. जपानीत मिझु हे गारच असतं. पाणी तापलं की ते मिझु राहत नाही, त्याचं ओयु होतं, वेगळाच शब्द. गरम मिझु म्हणजे जवळजवळ ‘गरम बर्फ’. तसाच सिग्नल. डोळ्यांसमोर हिरवा दिवा आणि शेजारीणबाई म्हणतात, ‘आओ झाला, चला.’ आओ म्हणजे निळा. पूर्वी निळ्या-हिरव्याला मिळून हा एकच शब्द होता. मिदोरि, म्हणजे हिरवा, नंतर वेगळा निघाला, पण कोवळी पानं, हिरवं सफरचंद आणि सिग्नल आओकडेच राहिले. वस्तू मोजायच्या तर पेन्सिलींना वेगळा आकडा, कागदांना वेगळा, मांजरांना वेगळा आणि सशाची गणती पक्ष्यांत! तिथे मी हात टेकले. माझे ससे अजूनही मांजरांत मोजले जातात.

उसन्या शब्दांपासून तर सावधच राहावं. कोनसेन्तो म्हणजे भिंतीतला विजेचा प्लग-पॉइंट. सुमातो, म्हणजे स्मार्ट, म्हणजे हुशार नव्हे, सडपातळ. ‘बायकिंगु’, म्हणजे व्हायकिंग, म्हणजे बुफे जेवण. १९५८ मध्ये टोक्योच्या इंपीरियल हॉटेलने स्कँडिनेव्हियन पद्धतीचा बुफे या नावाने सुरू केला आणि चाच्यांचं नाव जेवणाला चिकटलं. मला त्यातला एकच शब्द घरचा वाटला. कोपऱ्यावरच्या बेकरीवरची पाटी, ‘पान’. म्हणजे पाव. दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं. जहाजंही तीच. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघाला आणि ऑगस्टमध्ये जपानात कागोशिमाला उतरला. सोबत गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला एक जपानी होता, आंजिरो. कागोशिमात पाय ठेवलेला तो झेवियर आज जुन्या गोव्यात चांदीच्या पेटीत आहे. बेकरीतल्या मुलाला मी हे सांगायचा प्रयत्न केला. त्याने ‘हाय, हाय’ म्हणत मला सुटे परत दिले.

शेजारीणबाई नवऱ्याचं नाव घेत नसत. वारल्याला नऊ वर्षं झाली होती. ‘उचि नो दान्ना’ म्हणायच्या. उचि म्हणजे घर, आतलं, आपलं. ‘आमच्या घरचे.’ ते होते तेव्हा त्यांना हाक काय मारायच्या, असं विचारलं तर म्हणाल्या, ‘आनाता.’ आनाता म्हणजे ‘तुम्ही’, असं वर्गात शिकवलं होतं आणि मी पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या साहेबांना दोनदा आनाता म्हटलं होतं. दोन्ही वेळा ते खिडकीबाहेर बघू लागले. पण बाईंच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं की हे ‘अहो’ आहे. मी साहेबांना बैठकीत ‘अहो, ऐकलंत का’ केलं होतं.

सप्टेंबरात जपानी लोक पितरांना भेटायला जातात. शेजारीणबाईंबरोबर मी टोक्योतल्या यानाकाला गेले. जुनी देवळं, मांजरं आणि मोठं स्मशान. तिथे कबरींमागे उंच लाकडी फळ्या उभ्या होत्या. त्यांना सोतोबा म्हणतात. स्तूप हाच तो शब्द. फळीवर वरपासून काळ्या शाईत अक्षरं होती. कान्जी नव्हेत, हिरागाना नव्हेत. मी जवळ गेले. ती सिद्धम् लिपी होती, पंचमहाभूतांची बीजाक्षरं. देवनागरीची जुनी चुलतबहीण. एक-दोन वळणं तर अगदी ओळखीची वाटली. ही लिपी बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी शिकले, तिच्यासोबत संस्कृतचा वर्णक्रम शिकले आणि त्याच क्रमाने त्यांच्या भाषेचे उच्चार लावले गेले. आ-का-सा-ता-ना. ‘सा’ तेव्हा ‘च’च्या जवळचा होता आणि ‘हा’चा उच्चार ‘पा’ होता. ट-वर्ग त्यांच्याकडे नाहीच, म्हणून गळाला. क, च, त, न, प, म, य, र, व. आईने मटार सोलता सोलता हेच सांगितलं होतं. मी तिथूनच तिला फोन लावला. ती म्हणाली, ‘मग मी काय म्हणत होते?’

बाई कबरीवर पाणी घालत होत्या. मी त्यांना म्हटलं, तुमचा दान्ना हा शब्दही आमच्याकडचाच, ‘दान’. दान देणारा तो दान्ना, मग आश्रयदाता, मग मालक, मग नवरा. त्यांनी जरा विचार केला आणि दगडाकडे बघत म्हणाल्या, ‘कंजूष होते हो फार.’

तीन वर्षं झाली आणि मी परत निघाले. कायमचं जाताना तिथे काय म्हणायचं, ते मला चांगलं माहीत होतं. ‘ओसेवा नि नारिमाश्ता’, तुम्ही माझं फार केलंत. आदल्या रात्री दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. रोज सकाळी ऑफिसला जाताना म्हणायचं ते वेगळं, इत्तेकिमास. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येते. जाऊन येते. घरातल्याने उत्तर द्यायचं, इत्तेराश्शाय, जाऊन या. टॅक्सी दारात, बॅगा आत, बाई उंबऱ्यात उभ्या. मी वाकले आणि तोंडून निघालं, ‘इत्तेकिमास.’ निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, हे आजीने चौथ्या-पाचव्या वर्षी इतकं पक्कं करून ठेवलेलं, तिथे पाठ केलेल्या वाक्याचा काय निभाव लागणार?

त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘इत्तेराश्शाय.’ आणि माझा स्टीलचा डबा पुढे केला. अर्थात भरलेला.

विमानतळावर बॅग आठशे ग्रॅम जास्त भरली. काउंटरवरची मुलगी काट्याकडे बघून म्हणाली, ‘दाइजोबु देस.’ मी ते हो आहे की नाही, हे तिला पुन्हा विचारून घेतलं.